चार फरश्या कमी बसवा!

आपल्या तालुक्याच्या गावांतून एक टूम चांगलीच रुजली आहे. घर नवं बांधलेलं असो की जुन्याची डागडुजी असो, गवंडी निघून जायच्या आधी त्याचं शेवटचं काम ठरलेलं. अंगणाला कोबा! हात जरा सैल असला तर शहाबादी, आणखी सैल असला तर लाल-पिवळे पेव्हिंग ब्लॉक. घराच्या जोत्यापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत वीतभर माती म्हणून शिल्लक ठेवायची नाही. वास्तुशांतीला आलेले पाहुणे म्हणतात, "वा! काय चकाचक!" घरमालक खूश. आणि घरातली बाई? तीही मान डोलावते. कारण पावसाळ्यात घरात आलेला चिखल तिलाच पुसावा लागतो आणि अंगणातला पालाही तिलाच झाडावा लागतो.

तिचं हे मान डोलावणं मला कळतं. तरीही मैत्रिणींनो, आज मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे.

सगळं अंगण मातीचं ठेवा असं माझं म्हणणं नाही. गाडी लावायला, कुरडया-पापड वाळत घालायला, मुलांना सायकल फिरवायला फरशी हवीच. माझं मागणं छोटंसं आहे. चार फरश्या कमी बसवा. दोन फूट बाय दोन फुटांची एक फरशी धरली, तर चार फरश्यांचे होतात १६ चौरस फूट. एका खाटेएवढीसुद्धा जागा नाही ही. तेवढी माती उघडी राहू द्या.

"एवढ्याशा जागेत काय पिकणार?" हा प्रश्न हमखास येतो, बहुधा घरातल्या पुरुषांकडून. त्याचं उत्तर असं, की वेलाला जमीन वीतभर लागते आणि वर जागा मात्र भरपूर लागते. भिंतीच्या कडेला एक खड्डा करून त्यात दोडका, दुधी नाहीतर वाल लावा आणि सुतळीवरून वेल स्लॅबवर चढवा. खाली एक फूट जागा गेली, वर सगळी गच्ची मिळाली! मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं, तिथे आपल्या आज्या अळू आणि कर्दळ लावायच्या. उगीच नाही. ओल मिळाली की ही दोन्ही झाडं कुणाचे लाड मागत नाहीत. फक्त एक लक्षात ठेवा. त्या पाण्यात साबणाची पावडर जात असेल तर तिथे खायचं काही लावू नका, कर्दळच लावा. अळूला आणि पालेभाजीला डाळ-तांदूळ, भाज्या धुतलेलं पाणी द्या. उरलेल्या जागेत एका कोपऱ्यात कढीपत्ता, एका कोपऱ्यात गवती चहा आणि मध्ये मेथी-कोथिंबिरीचा छोटा वाफा. मेथी तीन-चार आठवड्यांत खुडायला येते. कोथिंबिरीला थोडा धीर धरावा लागतो. धणे अख्खे टाकले तर उगवायला वेळ घेतात. चपलेने हलके रगडून दोन डाळी वेगळ्या केल्या आणि रात्रभर भिजवून पेरल्या की चांगले उगवतात.

"माझ्या दुधीला फुलं भरपूर येतात, पण दुधी काही धरत नाही," ही तक्रार मी नेहमी ऐकते. दुधीच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी असतात. ज्या फुलाच्या मागे बोटाएवढा इवलासा दुधी दिसतो ते मादी फूल. गावात मधमाश्या, पतंग कमी झाले असतील तर हे काम आपण करायचं. नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचा परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर अलगद टेकवायचा. दुधीचं आणि दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, लाल भोपळ्याचं पहाटे. म्हणजे एकाला दिवेलागणीची वेळ, दुसऱ्याला सकाळच्या चहाआधीची. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेलं परागीभवन मुलांना इथे हाताने करून बघता येतं.

आता पैशांचं बोलू. "बागेमुळे भाजीचा खर्च वाचतो" असं सांगणाऱ्यांवर फार विश्वास ठेवू नका. सोळा चौरस फुटांत चौघांच्या घराची भाजी भागत नाही. पावसाळ्यात कोथिंबिरीची जुडी महागली की तेवढ्यापुरता आनंद होतो, इतकंच. नर्सरीतून चिनी मातीच्या कुंड्या, रंगीत खडे, पोत्यातली विकतची माती आणायला लागलात तर खर्च उलट वाढतोच. बागेचा हिशेब बाजारभावाने करू नये. करायचाच तर पाण्याचा करा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की ते एक लिटर पाणी होतं. आपली चार फरश्यांची जागा सुमारे दीड चौरस मीटर. जिथे वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे एवढ्याशा तुकड्यावर ९०० लिटर पाणी उतरतं. कोबा असला तर ते गटारात जातं. माती असली तर बरंचसं तिथेच मुरतं. एका घराने काय होतंय? पण गल्लीतल्या चाळीस घरांनी मनावर घेतलं तर? उन्हाळ्यात चार दिवसांआड नळ येणाऱ्या गावांनी हा विचार करायला नको का?

तरीही माझ्या मनातलं खरं कारण याहून वेगळं आहे. आपल्यापैकी कितीजणींचं नाव सातबाऱ्यावर आहे? घराच्या उताऱ्यावर तरी आहे का? घर "आमचं", पण हॉलला कोणता रंग, टीव्ही कुठल्या भिंतीवर, जिन्याखाली काय ठेवायचं, हे बऱ्याचदा दुसरंच कुणी ठरवतं. स्वयंपाकघर आपलं म्हणावं तर तिथे आपल्या आवडीपेक्षा सगळ्यांच्या आवडी शिजतात. अशा घरात मातीचा एक तुकडा असा असावा, जिथे काय लावायचं, काय उपटायचं, काय नुसतंच वाढू द्यायचं हे तुम्ही ठरवाल. तिथे गुलबक्षी लावली तर "याचा उपयोग काय?" असं कुणी विचारायचं नाही. गेल्या दसऱ्याच्या तोरणातला वाळका झेंडू चुरगळून आषाढ-श्रावणात टाकला आणि येत्या दसऱ्याला त्याची फुलं उंबऱ्यावर आली, तर त्याचं समाधान फक्त तुमचं. रंगांचा मेळ घालायचा तर निळ्या गोकर्णाशेजारी पिवळा झेंडू, पांढऱ्या सदाफुलीमागे लाल जास्वंद. रांगोळी काढणाऱ्या हातांना हे शिकवावं लागत नाही.

"आता या वयात कुठे? गुडघे दुखतात," असं म्हणणाऱ्या सासूबाई, आई, मावशी प्रत्येक घरात आहेत. बाग म्हणजे उकिडवं बसून खुरपणं, ही समजूत आधी काढून टाका. वाफा उंच करा. विटांचा अडीच फूट उंचीचा कट्टा बांधून आत माती भरली की उभ्याने किंवा खुर्चीवर बसून सगळं काम होतं. भिंतीला टेकलेला असेल तर रुंदी दोन फुटांपेक्षा जास्त नको, नाहीतर हात पलीकडे पोचत नाही. चाकाच्या खुर्चीवर असणाऱ्यांसाठी जुन्या मजबूत टेबलावर पसरट टप ठेवा, म्हणजे गुडघे खाली जातात. बोटं आखडली असतील तर खुरप्याच्या मुठीला जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, पकड जाड आणि मऊ होते. नजर अधू झालेल्यांसाठी वासाची झाडं लावा. पुदिना, मरवा, सब्जा, गवती चहा. पान चुरडलं की झाड आपली ओळख स्वतःच सांगतं. अर्धांगवायूनंतर एक हात चालत नसेल तरी वालाच्या शेंगा खुडता येतात, बिया निवडता येतात. दिवसभर "तुम्ही बसा, तुम्ही काही करू नका" हेच ऐकणाऱ्या माणसाला "आज अळूची पानं किती काढायची?" असं कुणी विचारलं तर किती बरं वाटेल, विचार करा.

आक्षेपही ऐकूया. पहिला, साप. ही भीती खोटी नाही. पण साप येतो तो उंदरांच्या आणि लपायला मिळणाऱ्या जागेच्या मागे. भिंतीला लागून विटांचे, लाकडांचे, पाल्याचे ढीग रचू नका, झाडांचा बुंधा मोकळा ठेवा, रात्री विजेरी घेतल्याशिवाय तिथे हात घालू नका. दुसरा आक्षेप डासांचा. डास मातीत होत नाहीत, साठलेल्या पाण्यात होतात. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी पालथ्या करा, घासून वाळवा. तिसरा, भिंतीला ओल येते. मग वाफा घराच्या जोत्याला चिकटून न करता कंपाउंडच्या बाजूला करा.

चौथा आक्षेप मात्र मला सगळ्यात रास्त वाटतो. "आधीच कामं कमी आहेत का?" खरंच आहे. बागेचं कौतुक साऱ्या घराचं आणि पाणी घालायचं मात्र आईने, असं होणार असेल तर त्यापेक्षा कोबा बरा! म्हणून माती राखून ठेवतानाच वाटणी करून टाका. पाणी मुलांनी घालायचं, खड्डा आणि मांडव घरातल्या पुरुषांनी करायचा, ओला कचरा ज्याने केला त्याने खताच्या डब्यात टाकायचा. काय लावायचं हे ठरवणं तेवढं तुमच्याकडे ठेवा.

ज्यांच्या अंगणात आधीच ब्लॉक बसलेत, त्यांनी हळहळू नये. ते बहुतेक ठिकाणी सिमेंटने जोडलेले नसतात. पहारीने कडेचे काही सहज निघतात. खालची कच आणि मुरूम फूटभर काढून टाका आणि माती, शेणखत, वाळका पाला भरा. कोबाच असेल, भाड्याचं घर असेल किंवा फ्लॅट असेल तर तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा आडवा कापा, तळाला भोकं पाडा. पालेभाजीला एवढी खोली पुरते. रंगाचे रिकामे डबे फक्त फुलझाडांसाठी वापरा, खायच्या भाजीसाठी नको. पालेभाजीला तीन-चार तासांचं ऊन चालतं, वांगी-टोमॅटोला मात्र सहा तास तरी हवं. गच्चीवर ओल्या मातीचं वजन फार होतं, म्हणून पाला जास्त आणि माती कमी.

पाल्यावर बाग होते का? होते. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार'मधून हेच सांगितलं, की चांगली माती विकत आणावी लागत नाही, पालापाचोळ्यातून ती घरी घडवता येते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ साली स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्याच्या आधारावर बाग उभी केली. आणि अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे! शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी गावोगावचं देशी बियाणं जमवलं, जपलं, वाटलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यासारखं मोठं काम आपल्या हातून होईलच असं नाही. पण वालाच्या चार शेंगा वेलावरच पूर्ण वाळू देऊन, कोरड्या राखेत घालून बरणीत ठेवणं आणि पुढच्या वर्षी शेजारणीला मूठभर देणं तर जमेल?

म्हणून म्हणते, गवंड्याला बोलावण्याच्या आदल्या दिवशी चिमूटभर रांगोळी घ्या. अंगणात ऊन कुठे येतं, मोरीचं पाणी कुठे जातं ते बघा आणि चार फरश्यांची चौकट आखून ठेवा. तो घमेलं घेऊन आला की सांगा, "भाऊ, ही चौकट सोडून बाकी सगळीकडे ओता." घरात कुणी कुरकुर केली तर म्हणावं, फरशी काय, पुढच्या वर्षीही बसवता येते. बसवलेली फरशी उखडायला मात्र कुणी येत नाही.