पंख्यावरून ओळखलेली आई

दिवाळीच्या झाडलोटीत यंदा आमच्या घरी एक जुना ग्रूप फोटो सापडला. वाड्याच्या पायऱ्यांवर बसलेली पंधरावीस माणसे, आणि मागच्या रांगेत डोक्यावरून पदर घेतलेल्या तीन बायका. त्यांतली माझी आजी कोणती हे सांगू शकेल असे घरात एकटे माझे वडील. आणि त्यांना तर आईचा चेहराच आठवत नाही. ते पाच वर्षांचे असताना ती गेली. त्यांनी भिंग मागवले, बराच वेळ पाहिले आणि शेवटी एकीवर बोट ठेवले. "ही. कुड्या बघ." त्या कुड्या अजून आमच्या कपाटात आहेत.

मला एकदम रांचेवाइमेची आठवण झाली. नाव अवघड आहे खरे, पण त्याचा अर्थ सोपा : उडती कबुतरी. भाच्याने मागे अमेरिकेहून जुन्या चित्रांचे एक पुस्तक पाठवले होते, त्यात ही बाई मला भेटली. अमेरिकेतल्या आयोवा राज्याला ज्यांच्यावरून नाव पडले, त्या आयोवे जमातीची ही. ते लोक स्वतःला 'बाखोजे' म्हणवतात. तिचा नवरा महास्का, म्हणजे 'पांढरा ढग', हा जमातीचा नायक. १८२४ साली तो सरकारशी करार करायला वॉशिंग्टनला निघाला. बायकोला त्याने घरीच ठेवले होते. वाटेत मुक्कामावर शिजवीत बसला असताना मागून कुणाची तरी चाहूल लागली, म्हणून हत्यार उपसून वळतो तो हीच उभी! मलाही राजधानी पाहायची आहे, म्हणाली. असल्या बायकोपुढे कुणाचे काय चालणार? गेली ती बरोबर.

इंडियन खात्याचे प्रमुख टॉमस मॅकेनी यांना पाहुण्या नायकांची चित्रे करवून घेण्याचा नाद होता. चार्ल्स बर्ड किंग हा चितारी वॉशिंग्टनमध्येच बसून ती रंगवी. त्याने महास्काला रंगवले आणि हातात पंखा घेतलेल्या रांचेवाइमेलाही. पुढे मॅकेनी आणि जेम्स हॉल यांनी १८३६ ते १८४४ या काळात ही चित्रे छापून तीन मोठे खंड काढले. आज आपण पाहतो ती ही छापील चित्रे. मूळची बहुतेक सगळी २४ जानेवारी १८६५ रोजी स्मिथसोनियन संस्थेला लागलेल्या आगीत जळाली.

गावी परतल्यावर काही काळाने रांचेवाइमे घोड्यावरून पडून गेली. मुलगा तेव्हा अगदी लहान होता. तो मोठा झाला, त्यानेही बापाचेच नाव घेतले, आणि १८३६-३७च्या हिवाळ्यात तोही वॉशिंग्टनला आला. त्याला तो चित्रसंग्रह दाखवण्यात आला. बापाला त्याने ओळखले. शेजारची बाई मात्र त्याला ओळखू येईना. ही तुझी आई, असे सांगितल्यावर तो नीट पाहू लागला आणि त्याची नजर त्या पंख्यावर खिळली. पंखा त्याच्या ओळखीचा होता. आईला आपण आधी ओळखले नाही याची त्याला लाज वाटली, असे त्या ग्रंथात लिहिले आहे.

आता या गोड कथेची दुसरी बाजू. महास्का त्या वेळी तिथे चित्र काढून घ्यायला गेला नव्हता. ४ ऑगस्ट १८२४ च्या करारान्वये आयोव्यांनी मिसूरी राज्यातल्या जमिनीवरचा हक्क सोडला. मोबदला त्या वर्षी पाचशे डॉलर, आणि पुढे दहा वर्षे दरसाल पाचशे! त्याच्याबरोबर सही करणारा दुसरा नायक 'थोर चालणारा'. त्याचेही चित्र त्या खंडांत आहे. आपण वाडवडिलांची हाडे विकली, या दुःखाने त्याने नंतर तोंडाला काळे फासले, अशी नोंद आहे. मानाने चित्र काढायचे आणि त्याच मुक्कामी जमीन लिहून घ्यायची, ही त्या सरकारची रीत मला तरी पचत नाही. महास्काला पुढे १८३४ साली त्याच्याच जमातीच्या माणसांनी सूड म्हणून मारले.

मात्र एक चित्र असे आहे की ते कुणा गोऱ्या चिताऱ्याने काढलेले नाही. ऑक्टोबर १८३७ मध्ये आणखी एक आयोवे नायक वॉशिंग्टनच्या सभेत उभा राहिला. त्याच्या नावाचा अर्थ 'काळजात भीती नसलेला'. इंग्रजीत ते आखडून नुसते 'बिनकाळजाचा' करून टाकले. भाषांतराने माणसाचे काय होते, हे वर्गात सांगायला मला याहून चांगले उदाहरण मिळालेले नाही. साक आणि फॉक्स या जमाती त्याच मुलखावर हक्क सांगत होत्या. याने पुढे एक कागद ठेवला. त्यावर मिसिसिपी, मिसूरी आणि त्यांना मिळणाऱ्या नद्या, काठाकाठाने आयोव्यांची जुनी गावे, आणि पूर्वज एका गावाहून दुसऱ्या गावी कसकसे गेले त्या वाटा. सातबारा नव्हता त्याच्याकडे. पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली आठवण त्याने कागदावर उतरवली होती.

दावा मान्य झाला नाही. १८३८ मध्ये १,५७,५०० डॉलरवर उरलेला हक्कही सोडावा लागला. आज आयोव्यांच्या दोन शाखा आहेत, एक कॅन्सस-नेब्रास्काच्या सीमेवर, दुसरी ओक्लाहोमात. आयोवा राज्यात त्यांची राखीव भूमी नाही; ऑस्कालूसा गावच्या चौकात १९०९ पासून महास्काचा पुतळा तेवढा उभा आहे.

नकाशा अमेरिकेच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात जपून ठेवला आहे. त्याची छापील प्रत मी परवा वडिलांना दाखवली. भिंग अजून त्यांच्या हातातच होते. एका नदीवर ते धरून त्यांनी विचारले, "यातले त्या मुलाचे गाव कोणते?"