कार्ब्युरेटर साफ होईल, पण माणसाचे काय?



गाणगापूरच्या पंचक्रोशीत, भीमा-अमरजेच्या काठाने, आता बैलगाडीपेक्षा मोटारसायकलच अधिक दिसते. दुधाची किटली, फवारणीचा पंप, खताची पिशवी, सारे तिच्यावरच. हीच गाडी महिनाभर उभी राहिली की किक मारून पाय दुखतो, पण ती सुरू होत नाही. मग कोणीतरी कार्ब्युरेटर साफ करण्याच्या रसायनाचा डबा आणतो.

मागच्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या एका तरुणाने पावसामुळे दार लावून, खोलीतच हा फवारा मारला. थोड्या वेळाने त्याला चक्कर आली, डोके ठणकू लागले. घरच्यांनी त्याला बाहेर आणले म्हणून बरे झाले.

अशा डब्यांत अ‍ॅसिटोन, टोल्युइन यांसारखी द्रव्ये असतात. त्यांची वाफ मेंदूला गुंगी आणते आणि ठिणगीने पेट घेते. काहींत मिथिलीन क्लोराइड असते. त्याचा शरीरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू बनतो. अमेरिकेने २०२४ साली घरगुती वापरासाठी त्याची विक्री बंद करण्याचा नियम केला.

कोणी म्हणेल, मिस्त्रीकडे अफझलपूरला जायचे तर अर्ध्या दिवसाचा रोज बुडतो. खरे आहे. आम्ही रसायन वापरूच नका असे म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की ते शेवटचा उपाय असावे, पहिला नव्हे.

मुळात कार्ब्युरेटर तुंबतो का? वाटीतले पेट्रोल उडून जाते व चिकट थर मागे राहतो. जेटचे भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असू शकते, ते लगेच बुजते. २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले. ते आपल्या उसापासूनही बनते याचा आनंदच आहे, परंतु ते ओलावा शोषते व जुन्या गाडीच्या रबराला मानवत नाही. म्हणून गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करावा व वाटीखालचा स्क्रू सैल करून पेट्रोल एखाद्या डब्यात काढून घ्यावे. याला एक पैसाही लागत नाही.

तरीही रसायन लागलेच, तर अंगणात मोकळ्या हवेत काम करावे. विडी, चूल दूर ठेवावी. हातमोजे व चष्मा घालावा. रबरी व प्लास्टिकचे भाग आधी काढून ठेवावेत, नाहीतर ते फुगतात. जेटमध्ये तार खुपसू नये, भोक मोठे होऊन पेट्रोल जास्त जळते. उरलेले रसायन विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नये. डोळ्यांत गेल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे. पोटात गेल्यास ओकारी काढू नये, डबा घेऊन लगेच दवाखाना गाठावा. हे काम मुलांच्या हाती तर कधीच देऊ नये.

बिघडलेला कार्ब्युरेटर बाजारात नवा मिळतो. घरच्या कर्त्या माणसाचे डोळे आणि फुप्फुसे कोणत्या दुकानात मिळतात?