कार्ड खिशात आहे, पण डॉक्टर कुठे आहे?

भुसावळच्या लोको शेडमध्ये उभी हयात काढून निवृत्त झालेले आमचे एक जुने साथी सध्या पंचकुल्याला असतात. मुलगा चंदीगडला नोकरीस, नातवंडांची शाळा पंचकुल्यात, म्हणून म्हातारपणी नवरा-बायकोने बिऱ्हाड तिकडे हलवले. वहिनी टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या. म्हणजे एका घरात दोन खात्यांची पेन्शन आणि दोन खात्यांचे वैद्यकीय हक्क. गेल्या हिवाळ्यात सभेच्या निमित्ताने अंबाल्याला गेलो असता आम्ही दोन दिवस त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. तिथे जे पाहिले ते सर्व रेल्वे व टपाल कामगारांनी विचार करावा असे आहे.

साथींना मधुमेह आहे, रक्तदाब आहे, गुडघे दुखतात आणि अधूनमधून चक्कर येते. मधुमेहाला एक डॉक्टर, हृदयाला दुसरा, हाडांना तिसरा. चक्कर येऊ लागली तेव्हा कानाचा चौथा. सहा महिन्यांपूर्वी ते न्हाणीघरात पडले. कपाळाला टाके पडले, एवढ्यावर निभावले. पुढे सेक्टरच्या मार्केटमधल्या एका साध्या एमबीबीएस डॉक्टराकडे ड्रेसिंगला गेले, तेव्हा तो म्हणाला, "घरात जेवढी औषधे आहेत तेवढी पिशवीत घालून उद्या घेऊन या." दुसऱ्या दिवशी टेबलावर पिशवी रिकामी केली, तर रक्तदाबाचे एकच औषध दोन वेगळ्या नावांनी दोन डॉक्टरांनी लिहिलेले निघाले. साथी दोन्ही गोळ्या इमानेइतबारे घेत होते. दोष कोणाचा? एकाही डॉक्टराने चुकीचे औषध दिले नव्हते. पण सगळी औषधे एकत्र पाहणारा माणूसच कोणी नव्हता.

आमच्या मते प्रश्नाचे मूळ इथे आहे. आमच्याकडे कार्ड आहे, हॉस्पिटलांची यादी आहे, रेफरलचा कागद आहे. नाही तो आपला म्हणावा असा डॉक्टर.

पंचकुला काही आडगाव नव्हे. सेक्टरांची आखीव वस्ती आहे, १९९५ पासून ते जिल्ह्याचे ठिकाण आहे, सेक्टर ६ मध्ये सरकारी रुग्णालय आहे. शेजारच्या चंदीगडला १९६२ साली स्थापन झालेली पीजीआयसारखी नामांकित संस्था आहे. पंजाब, हरियाणा, हिमाचलातून रोज हजारो रुग्ण तिथे लोटतात. अशा शहरात डॉक्टरांचा दुष्काळ नाही, तज्ज्ञांचा तर मुळीच नाही. तरीही नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो हाच, की तापाला, खोकल्याला, पोटदुखीला जायचे कुणाकडे? आणि साधा ताप घेऊन पीजीआयच्या रांगेत उभे राहणे हे त्या माणसाच्याही हिताचे नाही आणि त्याच्यामागे कर्करोगाचा कागद घेऊन उभ्या असलेल्याच्याही नाही.

आता आपल्या हक्कांकडे पाहू. निवृत्त रेल्वे कामगारांसाठी १९९७ सालची आरईएलएचएस योजना आहे. आज उमीद कार्डावर देशातल्या कुठल्याही रेल्वे दवाखान्यात जाता येते. पण रेल्वेचे दवाखाने स्टेशन आणि रेल्वे वसाहतीच्या आधाराने उभे राहिले. मुलाच्या फ्लॅटजवळ ते असतीलच असे नाही. दवाखाना अडीच किलोमीटरपेक्षा लांब असेल तर बाह्यरुग्ण उपचाराचा हक्क सोडून फिक्स्ड मेडिकल अलाउन्स घेता येतो. हा भत्ता १९९७ च्या डिसेंबरात दरमहा १०० रुपये होता. २००८ मध्ये ३००, २०१४ मध्ये ५०० आणि १ जुलै २०१७ पासून १,००० रुपये झाला. हजार रुपयांत दोन म्हाताऱ्या माणसांची डॉक्टरची फी, तपासण्या आणि महिन्याची औषधे कशी बसवायची, याचा हिशेब भत्ता ठरवणाऱ्यांनी एकदा स्वतः मांडून दाखवावा.

टपाल कामगारांची कथा वेगळी नाही. सीजीएचएस नाही तिथे नोकरीत असेपर्यंत १९४४ च्या नियमांनुसार अधिकृत वैद्यकीय अधिकारी, म्हणजे एएमए, मिळतो. निवृत्त होताच ही सोय संपते. पंचकुल्यात आता सीजीएचएसचे केंद्र आहे, ही चांगली गोष्ट. पण तिथे नाव लागते ते केंद्रात, एखाद्या डॉक्टरकडे नव्हे. आज खुर्चीवर जो आहे तो उद्या बदलून जातो आणि आपण पुन्हा पहिल्यापासून आपली कर्मकहाणी सांगतो. ग्रामीण डाक सेवकांना तर १९४४ च्या त्या नियमांचाही आधार नाही. ज्यांच्या खांद्यावर गावोगावचे टपाल उभे आहे, त्यांच्या दुखण्याशी खात्याला कर्तव्य नाही काय?

कुणी म्हणेल, फॅमिली डॉक्टर ही जुन्या काळची गोष्ट, आता ती कशाला उकरता? पण कामगारांना ही गोष्ट एकेकाळी हक्काने मिळत होती. राज्य कामगार विमा योजना १९५२ साली कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली आणि १९५४ मध्ये मुंबईत आली. मुंबईत पॅनेल डॉक्टरची पद्धत होती. आपल्या चाळीजवळच्या डॉक्टरांच्या यादीतून कामगाराने एक निवडायचा, आणि त्या डॉक्टरला माणशी ठरावीक रक्कम विम्यातून मिळायची. त्या पद्धतीत दोष होते, गर्दी होती, तक्रारी होत्या. पण परळ-लालबागच्या गिरणी कामगाराला आपला डॉक्टर कोण हे ठाऊक असे, आणि डॉक्टरलाही कुणाच्या घरात क्षय आहे, कुणाची बायको बाळंत व्हायची आहे हे ठाऊक असे. इंग्लंडात १९४८ पासून प्रत्येक नागरिकाचे नाव एका जनरल प्रॅक्टिशनरच्या दवाखान्यात नोंदलेले असते, तेही ह्याच तत्त्वावर.

याचा फायदा भावनेपुरता नाही. नॉर्वेमध्ये लाखो लोकांच्या नोंदी तपासून केलेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा डॉक्टर पंधरा वर्षांहून अधिक काळ एकच होता, त्यांची तुलना वर्षभराचीच ओळख असणाऱ्यांशी केली. तातडीने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळले. आपल्या देशातही २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने फॅमिली मेडिसिनचे तज्ज्ञ तयार करण्याची गरज मान्य केली होती. धोरण कागदावर राहिले. हुशार विद्यार्थी अवयवांचे तज्ज्ञ झाले, आणि अख्ख्या माणसाकडे पाहणारा डॉक्टर दुर्मीळ होत गेला.

परमुलखात गेलेल्या आपल्या माणसांची आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. वहिनी आम्हाला म्हणाल्या, "भाऊजी, मला कणकण वाटते हे मी हिंदीत कसं सांगू? बुखार म्हटलं की तो थर्मामीटर लावतो आणि म्हणतो, कुछ नहीं है." कणकण, उसण, चमक, मुरडा, जीव घाबरा होणे, अंग मोडून येणे, या प्रत्येक शब्दात दुखण्याची वेगळी खूण आहे. पाच मिनिटांच्या तपासणीत ती परभाषेच्या डॉक्टरला कळणार नाही. पण तोच डॉक्टर चार वर्षे भेटत राहिला तर वहिनींच्या चेहऱ्यावरून ओळखेल. मराठी डॉक्टर मिळाला तर उत्तमच. नाही तर टिकणारा डॉक्टर शोधावा.

तो शोधायचा कसा? आमच्या साथींच्या अनुभवातून काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आजारी पडण्याआधी शोधा, रात्री दोन वाजता नव्हे. घरापासून चालत जाता येईल असा पाहा. पाटीवरची पदवी आणि नोंदणी क्रमांक वाचा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोंदवहीत नाव तपासता येते, नातवंडांकडून तपासून घ्या. शेजाऱ्याला "डॉक्टर चांगला आहे का" असे विचारू नका, "तुम्ही त्याच्याकडे किती वर्षे जाता" असे विचारा. पहिल्या भेटीला सगळी औषधे आणि जुने कागद घेऊन जा. तो पिशवी उघडून पाहतो का, जुने आजार विचारून लिहून ठेवतो का, प्रत्येक दुखण्याला सुई टोचतो का, आणि आपल्या आवाक्याबाहेरचे असेल तेव्हा वेळेवर पुढे पाठवतो का, हे बघा. मोठ्या हॉस्पिटलात जाऊन आलात तर तिथला कागद त्याला आणून दाखवा. तज्ज्ञ अनेक असू देत, पण सगळे कागद एका टेबलावर यायला हवेत.

एवढे झाले आपल्या हातातले. पण फॅमिली डॉक्टर हा ज्याच्या-त्याच्या नशिबाचा भाग असता कामा नये. म्हणून आमचे म्हणणे असे:

१. रेल्वे व टपाल खात्याने घराजवळच्या डॉक्टरांचे पॅनेल नेमावे आणि त्यातला एक निवडण्याचा हक्क कामगाराला व पेन्शनरला, तो देशात कुठेही राहत असो, द्यावा.

२. मेडिकल अलाउन्स प्रत्यक्ष खर्चाशी जोडावा आणि महागाईबरोबर वाढवावा.

३. ग्रामीण डाक सेवकांना वैद्यकीय संरक्षणात सामील करून घ्यावे.

४. दवाखाना बदलला किंवा डॉक्टर बदलला तरी रुग्णाची संपूर्ण नोंद त्याच्याबरोबर जावी.

शाखांनी आपापल्या बैठकीत या मागण्यांवर चर्चा करावी. ज्या गावी आपले पेन्शनर स्थायिक झाले आहेत तिथल्या चांगल्या डॉक्टरांची यादी शाखेतच करून ठेवावी, नव्याने येणाऱ्या साथीला ती उपयोगी पडेल. पंचकुल्याचे आमचे साथी आता दर महिन्याला मार्केटमधल्या त्या डॉक्टरकडे जातात. दोन गोळ्यांची एक झाली, चक्कर थांबली. पण त्या डॉक्टरची गाठ पडायला त्यांना आधी न्हाणीघरात पडावे लागले. दुसऱ्या कुणावर ती वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिले.