नळीतील थेंब आणि रात्रीचा नियम

पौषातील पहाट असते. चाकणच्या बाजारपेठेत दुकानामागच्या घरात साठी ओलांडलेले गृहस्थ दचकून जागे होतात. नाकावरील मास्कमध्ये गार पाणी साचलेले असते, नळीतून गुडगुड आवाज येत असतो आणि एक थेंब ओठांवर उतरलेला असतो. सूर्यास्ताला चौविहाराचे पच्चक्खाण घेतलेले. त्यामुळे पहिली शंका यंत्राची येत नाही, व्रताची येते. मास्क काढून बाजूला ठेवला जातो. दोन-तीन रात्री असेच घडले की सीपॅप यंत्र कपाटात जाते आणि घरच्यांना एवढेच सांगितले जाते, “सोसत नाही.”

यंत्र थांबले तरी रोग थांबत नाही. स्लीप ॲप्निया या विकारात झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, श्वासमार्ग मिटतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू क्षणभर जाग आणून श्वास पुन्हा सुरू करतो. तीव्र विकारात हे एका रात्रीत शेकडो वेळा घडते. रक्तदाब व हृदयविकार यांच्याशी या आजाराचा निकटचा संबंध आहे. दिवसा गल्ल्यावर डुलकी लागली तर एक वेळ निभावेल. पुणे-नाशिक महामार्गावर मोशीच्या पुढे स्टेअरिंगवर लागली तर निभावणार नाही. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी याच विकाराचे नाव घेतले होते.

ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेला उपाय तसा सरळ आहे. नाकावाटे हवेचा सौम्य, अखंड दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवायचा. उपचार आहे तो हा दाब. पाण्याची टाकी, म्हणजे ह्युमिडिफायर, ही त्याच्या जोडीला आलेली सोय आहे. नाक व घसा कोरडा पडू नये एवढेच तिचे काम. उपचार वेगळा आणि सोय वेगळी, हे ध्यानात न आल्यामुळे सोयीच्या त्रासापायी उपचार सोडला जातो.

आता हे पाणी येते कोठून? व्यापाऱ्याला कॅश क्रेडिट खात्याची ड्रॉइंग पॉवर चांगली ठाऊक असते. गोदामातील माल घटला की उचलीची मर्यादा घटते आणि जादा उचल परत भरावी लागते. हवेचेही तसेच आहे. तिचा माल म्हणजे उष्णता. ३० अंश तापमानाची एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम बाष्प पेलते, २० अंशांची सुमारे १७ ग्रॅम, आणि १२ अंशांची ११ ग्रॅमही नाही. टाकीवर तापलेली, बाष्पाने भरलेली हवा सहा फुटांच्या गार नळीतून जाते, वाटेत तिची मर्यादा उतरते आणि जादा बाष्प ती पाणी करून टाकून देते. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक उघडून नेमाने पाणी सोडावे लागते. तेही कुणी ओतलेले नसते. दाबलेली गरम हवा थंड होताना ते मागे ठेवते. कारखान्यात ही गोष्ट शिकाऊ कामगारालाही कळते, घरी मात्र यंत्र बिघडले असे वाटते.

अडचण अशी की ज्या ऋतूत ओलाव्याची गरज अधिक, त्याच ऋतूत नळी सर्वांत गार असते. आपल्या पट्ट्यात पौष-माघात हवा कोरडी व थंड, म्हणून आर्द्रतेचा आकडा वाढवला जातो आणि पाणी साचते. पावसाळ्यात खोलीतील हवाच ओली असते, टाकीने भर घालण्याजोगे फारसे काही उरत नाही. तरीही हिवाळ्यातला आकडा तसाच ठेवलेला असतो. आकडा एकेक पायरी उतरवावा, दोन-तीन रात्री पाहावे, मग पुढची पायरी. आर्द्रतेचा आकडा रुग्णाने स्वतः बदलण्याचाच असतो. दाबाचा आकडा मात्र डॉक्टरांखेरीज कुणी बदलू नये.

दुसरा उपाय नळी उबदार ठेवण्याचा. आतून तापणारी नळी अनेक यंत्रांना मिळते, ती महाग पडते. नाही तर जुन्या शालीची किंवा जाड कापडाची खोळ घरीच शिवून नळीवर चढवावी, नळीचा काही भाग रजईखाली घ्यावा, पंख्याचा वा एसीचा झोत तिच्यावर येऊ देऊ नये. यंत्र उशीच्या पातळीहून खाली, बुटक्या स्टुलावर असावे, म्हणजे नळीत जमलेले पाणी तोंडाकडे न येता टाकीकडे परतते. मात्र टाकी खुणेच्या वर भरू नये आणि भरल्या टाकीसह यंत्र उचलू नये. पाणी आत मोटारीपर्यंत गेले तर दुरुस्तीचा खर्च मोठा.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. मास्कच्या कडेने किंवा उघड्या तोंडातून हवा गळत असेल तर यंत्र ती तूट भरून काढण्यासाठी जास्त हवा ढकलते, नाक आणखी कोरडे पडते, रुग्ण आर्द्रता आणखी वाढवतो आणि नळीत आणखी पाणी साचते. गळती चालू ठेवून भांडवल ओतत राहण्याचाच हा प्रकार. आधी मास्कचे माप व पट्टे तपासावेत.

टाकीत कोणते पाणी घालावे, याबद्दल जैन घरांत एक साहजिक गैरसमज असतो. उकळलेले पाणी घरात तयारच असते, तेच टाकीत जाते. उकळल्याने पाणी अचित्त होते, पण त्यातील क्षार जात नाहीत. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर टाकीच्या तळाशी लवकर धरतो. म्हणून औषधाच्या दुकानातील डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. गॅरेजमध्ये मिळणारे बॅटरीचे पाणी स्वस्त असले तरी ते श्वासासाठी बनवलेले नाही.

सकाळी उरलेले पाणी तसेच ठेवणे तर सर्वथा टाळावे. उकळलेल्या पाण्याची मर्यादा पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच प्रहर, हे ज्या घरात लहान मुलालाही माहीत असते, त्या घरातल्या टाकीत आठवड्याचे पाणी राहावे हे विसंगत आहे. ओल राहिली की बुरशी धरते. (पिंपरीच्या उद्योगांचा आरंभ ज्या कारखान्यांनी केला, त्यांतील १९५४ ची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पेनिसिलिनसाठी बुरशी मुद्दाम वाढवत असे, आपल्या टाकीतली बुरशी त्या कुळातली उपकारक समजू नये.) पाणी गटारात न ओतता कोरड्या जागी परठवावे, टाकी व नळी सौम्य साबणाने धुऊन सावलीत पूर्ण वाळवावी. घाम व लाळ लागलेला मास्क दोन घटिकांच्या आत स्वच्छ करावा. उगवलेले जीव मारण्यापेक्षा ते उगवूच न देणे हीच जयणा, आणि फुप्फुसांचेही हित त्यातच.

राहिला प्रश्न पच्चक्खाणाचा. त्याच्या आगारांत सहसागार आहे: इच्छा नसताना अकस्मात मुखात काही पडले, जसा पावसाचा थेंब, तर पच्चक्खाण भंगत नाही. नळीत पाणी साचण्याला इंग्रजीत ‘रेनआउट’ म्हणतात. तेथेही पाऊसच आला आहे. तरी रोज पडणार हे ठाऊक असलेल्या थेंबाला अकस्मात म्हणणे कठीण, आणि टाकीतील बाष्पाचे काय, हा प्रश्न उरतोच. त्याचा निर्णय गुरुभगवंतांकडूनच घ्यावा, आणि विचारताना यंत्र कसे चालते हे त्यांना नीट समजावून सांगावे. निर्णय कोणताही आला तरी मास्क काढण्याची वेळ येत नाही, कारण बहुतेक यंत्रांत ह्युमिडिफायर बंद ठेवून केवळ कोरडी हवा घेता येते. पावसाळी हवेत ती पुष्कळांना सोसते. पर्युषणही त्याच दिवसांत येते.

अठ्ठाईचा विचार असलेल्या रुग्णाने मात्र आठ-दहा दिवस आधीच टाकी रिकामी ठेवून झोपून पाहावे. नाकातून रक्त आले किंवा घसा फार कोरडा पडला तर डॉक्टरांना तेव्हाच दाखवता येते. यंत्र किती तास चालले आणि गळती किती झाली याची नोंद बहुतेक यंत्रांत आपोआप राहते. डॉक्टरांकडे जाताना ती सोबत न्यावी.