आधी मोजमाप, मग निर्णय

‘छाती न उघडता, मांडीतून नळी घालून काम होणार नाही का?’ मोठ्या शस्त्रक्रियेचे नाव निघताच आपल्या घरांतून हाच प्रश्न प्रथम विचारला जातो. महाधमनीच्या कमानीला फुगवटा आला असेल, तर त्याचे उत्तर बव्हंशी रुग्णाच्या शरीररचनेत असते. केवळ खर्चाच्या तयारीत नव्हे.

हृदयातून निघालेली महाधमनी छडीच्या मुठीसारखी वळून खाली उतरते. त्या वळणास कमान म्हणतात. तिच्यातून सामान्यतः तीन शाखा निघून मेंदूस व हातांस रक्त पुरवितात. कमान सुमारे ५.५ सेंटिमीटरपर्यंत फुगली, की ती फुटण्याच्या भीतीने दुरुस्तीचा विचार होतो.

स्टेंट ग्राफ्ट म्हणजे धातूच्या जाळीचा आधार असलेली कापडी नळी. अर्जेंटिनाचे डॉ. हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये पोटातील महाधमनीसाठी ती वापरली. तेथील मार्ग बराचसा सरळ असतो. कमानीत मात्र वळणही आहे आणि शाखाही आहेत.

म्हणून सीटी अँजिओग्राफीवर बारकाईने मोजमाप घेतले जाते. नळी घट्ट बसण्यास फुगवट्याच्या अलीकडे व पलीकडे सुमारे दोन सेंटिमीटर निरोगी भाग लागतो. वळण फार तीव्र असल्यास नळीची कड भिंतीपासून सुटते आणि रक्त फुगवट्यात झिरपत राहते. भिंतीवर कॅल्शियम वा गुठळ्या असल्यास कण सुटून पक्षाघात होऊ शकतो. मांडीकडील धमन्या अरुंद असतील, तर नळी आत नेणेच अवघड होते. शाखा झाकली जाणार असेल, तर तिच्यासाठी आधी बायपास करावा लागतो किंवा शाखायुक्त नळी वापरावी लागते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. पूर्वी हृदयाची बायपास झालेल्या पुष्कळ रुग्णांत छातीतील डावी धमनी हृदयास जोडलेली असते. तिला रक्त डाव्या हाताच्या शाखेतून मिळते. ती शाखा झाकली गेल्यास हृदयाचाच पुरवठा धोक्यात येतो. म्हणून सावनेरहून नागपूरला तज्ज्ञांकडे जाताना बायपासचे जुने कागद, सीटीची मूळ सीडी आणि क्रिएटिनिनचा अहवाल अवश्य न्यावा.

बँकेत तारणाचे मूल्यांकन झाल्याविना कर्ज मंजूर होत नसे. अर्जदाराच्या घाईने मूल्यांकन बदलतही नसे. येथेही तसेच आहे. डॉक्टरांनी ‘नळी बसणार नाही’ असे सांगितल्यास कोणते माप आड येते, हे शांतपणे विचारावे. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. परंतु मनाजोगता होकार मिळेपर्यंत दारोदार फिरण्यात मोलाचे दिवस दवडू नयेत. छातीत वा पाठीत अकस्मात फाटल्यासारखी वेदना उठल्यास तर एक तासही थांबू नये.