चिन्हें बदललीं, घरें तींच!

वाशिम जिल्ह्यांत हल्लीं पारावर बसा, लोहाराच्या भात्यापाशीं बसा, कीं बाजार समितीच्या फाटकांत सोयाबीनच्या गाड्यांच्या रांगेंत उभे राहा, एकच वाक्य कानीं येतें : "सगळे एकाच माळेचे मणी." कास्तकार म्हणतो, सुतार म्हणतो, निंदणाला जाणारी बाई म्हणते. हा राग खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. राग रास्त आहे. पण हा रास्त राग दर निवडणुकीस चुकीच्या जागीं ओतला जातो, आणि ज्यांच्यावर रागवावें तेच पुन्हां गुलाल उधळतात. आम्ही शाळामास्तर, बेरीज-वजाबाकी हा आमचा धंदा. म्हणून हा हिशेब वाचकांपुढें मांडतों.

वाशिम लोकसभा मतदारसंघानें १९७७ सालीं वसंतराव नाइकांना निवडून दिलें. ते निदान शेजारच्या पुसदचे. पण १९८० व १९८४ सालीं आम्हीं पार जम्मू-काश्मीरचे गुलाम नबी आझाद यांस दिल्लीस पाठविलें! "बाबा रे, तुला तूर आणि हरभरा ओळखतां येतो काय?" एवढेंहि कोणी विचारलें नाहीं. पंजा दिसला, शिक्का मारला. पुढें कंटाळा आला, तेव्हां १९९६ सालीं शिवसेनेचे पुंडलीकराव गवळी आले. आणि १९९९ पासून २०१९ पर्यंत त्यांच्या कन्या भावनाताई ओळीनें पांच वेळां निवडून आल्या. मध्यंतरीं मतदारसंघाचें नांव यवतमाळ-वाशिम झालें, एवढेंच. पंजाचा कंटाळा आला म्हणून धनुष्यबाण धरला. पण खासदाराला गांवापुढें उभें करून हिशेब विचारण्याची रीत ना पहिल्या काळांत पडली, ना दुसऱ्या.

आणि मग तो धनुष्यबाणहि मोडला. २३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळीं एक सरकार शपथ घेतें आणि चार दिवसांत बुडतें. जून २०२२ मध्यें शिवसेना फुटते. जुलै २०२३ मध्यें राष्ट्रवादी काँग्रेस फुटते. पक्ष बदलणारांस आळा घालणारा कायदा १९८५ पासून आहे, २००३ सालीं तो आणखी आवळला. तरी जानेवारी २०२४ मध्यें विधानसभाध्यक्षांनीं शिवसेनेच्या दोन्ही गटांतील एकाहि आमदारास अपात्र ठरविलें नाहीं. म्हणजे घर फुटलें, पण फोडणारा कोणीच नाहीं! आम्हीं ज्या दावणीला मत बांधलें होतें, तेथून तें सोडून दुसऱ्या दावणीला नेलें. बैल विकतांना बैलाचें मत घेत नाहींत, हें ठीक. पण आम्ही बैल आहों काय?

२०२४ सालीं मतदारांनीं राग काढला. लोकसभेस शिंदे गटानें भावनाताईंची उमेदवारी कापून राजश्री पाटील यांस उभें केलें. लोकांनीं ठाकरे गटाचे संजय देशमुख निवडून दिले. पुढें नोव्हेंबरांत विधानसभा आली. कारंज्यांत भाजपचे आमदार कै. राजेंद्र पाटणी यांचे चिरंजीव शरद पवारांची तुतारी घेऊन उभे. आणि राष्ट्रवादीचे माजी आमदार प्रकाश डहाके यांच्या पत्नी सईताई भाजपचें कमळ घेऊन उभ्या! सईताई निवडून आल्या. रिसोडांत काँग्रेसचे अमित झनक आले. ते माजी आमदार सुभाषराव झनक यांचे चिरंजीव. दुसऱ्या क्रमांकावर अपक्ष. पण हे अपक्ष कोण? काँग्रेसचे जुने खासदार अनंतराव देशमुख! भावनाताई तेथेंहि हरल्या. वाशिमची जागा राखीव, म्हणून तेथें नांवें वेगळीं दिसतात. पण ओळीनें तीन वेळां निवडून आलेल्या आमदाराचें तिकीट पक्षानें कापलें, तेव्हां तेथेंहि गांवाला कोणी विचारलें नाहीं. या मंडळींच्या गुणावगुणांबद्दल आम्हांस बोलावयाचें नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं चिन्हें इकडचीं तिकडे गेलीं, घरें तींच राहिलीं. कोणत्याहि चिन्हावर राग काढा, तो त्याच चार वाड्यांच्या अंगणांत जिरतो.

आतां पोटाचा हिशेब. ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं पंतप्रधान पोहरादेवीस आले आणि त्याच दिवशीं सन्मान निधीचा १८ वा हप्ता सुटला : दर कास्तकारास दोन हजार, वर्षाचे सहा हजार. त्या हंगामांत सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ४,८९२ रुपये होता. बाजारांत भाव चार हजारांच्या आसपास, ओल्या मालाला त्याहून कमी. खरेदी केंद्रावर १२ टक्क्यांहून अधिक ओल चालत नव्हती. ती अट १५ टक्के झाली तेव्हां मतदान तोंडावर आलें होतें, आणि गरजवंतानें आपला माल केव्हांच विकला होता. वीस क्विंटल पिकविणाऱ्याचे क्विंटलामागें आठशें रुपये बुडाले, तर सोळा हजार जातात. सहा आले, सोळा गेले. चौथींतल्या पोराला विचारा, कोण कोणाचा सन्मान करतो आहे! प्रचारांत एका बाजूनें सहा हजारांचा भाव सांगितला, दुसरीनें सात हजारांचा. लिलावांत बोली चढावी तशी बोली चढली. फरक इतकाच कीं लिलावांत बोली लावणाऱ्यास रक्कम मोजावी लागते.

कारागिरांचा हिशेब याहून कडू. स्थानिक संस्थांत इतर मागासवर्गास जागा राखावयाच्या तर मागासपणाची माहिती आयोग नेमून गोळा करा, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालींच सांगितलें होतें. त्यानंतर काँग्रेस-राष्ट्रवादीनें राज्य केलें, भाजप-शिवसेनेनें केलें, मग तिघांच्या आघाडीनें केलें. माहिती कोणीच वेळेवर गोळा केली नाहीं. मार्च २०२१ मध्यें न्यायालयानें पन्नास टक्क्यांवरच्या जागा रद्द केल्या, त्यांत आमच्या वाशिम जिल्हा परिषदेच्याहि होत्या. ऑक्टोबरांत त्या जागा खुल्या करून पोटनिवडणूक झाली. माळी, तेली, सुतार, धनगर यांच्या नांवानें छाती बडविणारे सर्वच होते. कागद तयार करणारा एकहि नव्हता.

याला मतदार काय उत्तर देतो? कोणी घरीं बसतो. घरीं बसलेल्याचा राग कोणी मोजीत नाहीं, आणि पुढाऱ्यास तेंच हवें असतें. कोणी 'वरीलपैकीं कोणीहि नाहीं', म्हणजे नोटाचें बटण दाबतो. तें बटण २०१३ पासून यंत्रावर आहे. २०१९ सालीं लातूर ग्रामीणमध्यें नोटाला सत्तावीस हजारांवर मतें पडलीं, नोटा दुसऱ्या क्रमांकावर आलें. निवडून यावयाचा तो आलाच. विधानसभेंत व लोकसभेंत नोटा पहिलें आलें तरी त्याखालचा उमेदवार निवडून येतो. स्थानिक निवडणुकींसाठीं मात्र राज्य निवडणूक आयोगानें २०१८ सालीं असा हुकूम काढला कीं नोटा सर्वांपुढें गेलें तर निवडणूक पुन्हां घ्यावी. हें किती गांवांस ठाऊक आहे? कोणी म्हणतो, "पाकीट घेतों, मत मनासारखें देतों." अरे, पाकीट देणारा तुझें मत घेत नाहीं, तुझें तोंड विकत घेतो! उद्यां पांदण रस्त्याबद्दल विचारशील, तर "तुझे पैसे तुला पोंचले" म्हणेल. कोणी तिसरी वाट धरतो. लहान जातींनीं एका चुलीशीं यावें, हें अकोल्यानें फार पूर्वीं करून दाखविलें. १९९८ व १९९९ सालीं प्रकाश आंबेडकर तेथून लोकसभेस गेले. पण आमचें रिसोड ज्यांत येतें त्याच अकोला मतदारसंघांत २०१९ व २०२४ सालीं ते हरले. विरोधाचीं मतें दोन ठिकाणीं वांटलीं गेलीं. एकी मतदानाच्या दिवशीं जन्मत नाहीं. ती आधींच्या चार वर्षांत गांवोगांव बांधावी लागते.

मग करावें काय? अमक्या पक्षास मत द्या किंवा देऊं नका, असें आम्ही सांगत नाहीं. आम्ही सांगतों, क्रम उलटा करा. आज उमेदवार आधीं ठरतो आणि आपण मागाहून रागावतों. राग आधीं मांडा! २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशीं ग्रामसभा भरविण्याची रीत आहे. तेथें सही ठोकून परतण्याऐवजीं तीन प्रश्न ठरावांत लिहा : सोयाबीनची खरेदी केव्हां सुरू करणार? शाळेंतील मास्तरांच्या रिकाम्या जागा केव्हां भरणार? कारागिराला कर्ज कोणाच्या दारीं मिळणार? हें काम पाहण्यास प्रत्येक वस्तींतून एक पुरुष व एक बाई घ्या; एकहि वस्ती सोडूं नका. मत मागावयास येणाऱ्या प्रत्येकाकडून त्या प्रश्नांचीं उत्तरें सहीनिशीं घ्या. उमेदवारास आपली मालमत्ता, कर्ज व खटले शपथेवर सांगावे लागतात. तें शपथपत्र पारावर मोठ्यानें वाचा. वाचणारा नसेल तर सातवींतल्या मुलीला बोलवा, ती वाचील. आणि निवडून आलेल्यानें पुढें घर बदललें, तर त्या गांवांत त्याचा हार बंद, तुरा बंद, मांडवांतली मानाची खुर्ची बंद. कायदा त्याला अपात्र ठरवीत नसेल, तर गांवानें ठरवावें.

कोणी म्हणेल, "मास्तर, एका गांवानें काय होणार?" एका गांवानें कांहींच होणार नाहीं. पण जिल्हा परिषदेच्या एका गटांतील सर्व गांवांनीं तोच कागद पुढें केला, तर कोणत्याहि चिन्हाच्या पुढाऱ्याला चष्मा लावून तो वाचावा लागेल. कास्तकार बंधूंनो, कारागीर बंधूंनो, माय-बहिणींनो, वाड्यांनीं चिन्हें आपसांत वांटून घेतलीं आहेत. आपण निदान प्रश्न तरी एक करूं या. पुढच्या ग्रामसभेस येतांना वही आणि पेन्सिल घेऊन या.