घड्याळ कोणाच्या पसंतीचे?



आपल्या शाळेच्या वरच्या वर्गांतील काही मुलांना सध्या जुनी घड्याळे जमविण्याचा छंद लागला आहे. आजोबांच्या कपाटात बंद पडलेले चावीचे घड्याळ शोधायचे, ते दुरुस्त करून घ्यायचे, मधल्या सुट्टीत एकमेकांच्या कानाला लावून टिकटिक ऐकवायची, असे चालते. हा छंद आम्हांला मनापासून आवडला. मात्र या मुलांच्या बोलण्यात दोन प्रश्न नेहमी जोडीने येतात. पहिला, "कोणते घड्याळ घ्यावे?" आणि लगेच दुसरा, "सध्या कशाला मागणी आहे?" यांतला पहिला प्रश्न छंदाचा आहे, दुसरा बाजाराचा. मुले पहिल्याचे उत्तर दुसऱ्यात शोधतात, आणि अनेकदा आपण मोठी माणसेही तेच करतो. म्हणून या विषयावर आमचे मत सविस्तर मांडावेसे वाटले.

आपले हैदराबाद हे शौकाचे शहर आहे. येथे 'शौक' या शब्दाला जी प्रतिष्ठा आहे ती फार थोड्या गावांत असेल. मराठीत आपण 'हौस' म्हणतो आणि हौसेला मोल नाही असेही म्हणतो. पण खरा शौक म्हणजे केवळ पैसा उधळणे नव्हे, हे पाहायचे असेल तर मुसीच्या काठी असलेल्या सालारजंग संग्रहालयात जावे. ज्या १८८९ साली चारमिनारच्या चारही बाजूंना घड्याळे बसली, त्याच वर्षी मीर युसूफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, यांचा जन्म झाला. १९१२ मध्ये, ऐन तारुण्यात, ते निजामाचे दिवाण झाले आणि १९१४ मध्ये त्या पदावरून दूर झाले. ते अविवाहित राहिले. पुढची पस्तीस वर्षे, १९४९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्यांनी वस्तू जमविण्यात घालविली. १९५१ च्या डिसेंबरात दिवाण देवडीत त्यांच्या संग्रहाचे संग्रहालय सुरू झाले. १९६१ मध्ये संसदेने कायदा करून त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरविले आणि १९६८ मध्ये ते आजच्या इमारतीत आले.

या संग्रहात मौल्यवान हस्तलिखिते आणि हिरव्या जेड पाषाणाच्या वस्तू आहेत, तशाच हातातल्या काठ्या, बाहुल्या आणि खेळण्यांतले शिपाईही आहेत. दिवाणपदी राहिलेल्या माणसाने खेळण्यातले शिपाई जमवावेत हे कोणाला गंमतीचे वाटेल. आम्हांला मात्र त्यात त्या माणसाची ओळख पटते. दुसऱ्याला दाखविण्यासाठीच जमविले असते तर रत्ने आणि तलवारी पुरेशा होत्या. काही जाणकार असेही म्हणतात की तेथील युरोपीय चित्रे आणि शिल्पे सगळीच पहिल्या दर्जाची नाहीत, काही तर नकला आहेत. ते मान्य केले तरी मुद्दा बदलत नाही. 'बुरख्यातील रिबेका' हा संगमरवरी पुतळा पाहा. इटालियन शिल्पकार बेंझोनीची ही कृती पहिल्या सालारजंगांनी १८७६ मध्ये युरोपच्या प्रवासात घेतली. बेंझोनीने या पुतळ्याच्या आणखी प्रती केल्या होत्या, म्हणजे तो जगात एकमेव नाही. तरीही दगडातून पारदर्शक वस्त्र दिसावे ही किमया पाहून माणूस तेथे थबकतो, तो किती प्रती आहेत हे मोजून थबकत नाही.

घड्याळांच्या दालनातही असेच आहे. इंग्लंड, फ्रान्स, स्वित्झर्लंड, जर्मनी, हॉलंड अशा देशांची घड्याळे तेथे आहेत. काही माणसाहून उंच, तर काही इतकी लहान की भिंगातून पाहावी लागतात. पण गर्दी असते ती एकाच घड्याळापुढे. कलकत्त्याच्या कूक अँड केल्व्ही कंपनीचे ते संगीत घड्याळ. तास भरत आला की त्यातला दाढीवाला छोटा पुतळा बाहेर येतो, घंटेवर ठोके देतो आणि आत जातो. शेजारचा लोहार हातोडीने सेकंद मोजत असतो. दुपारी बारा वाजता सर्वांत जास्त ठोके, म्हणून तेव्हा सर्वांत जास्त गर्दी. ते घड्याळ सुंदर आहेच, ते जरूर पाहावे. पण बारा वाजून पाच मिनिटांनी ती सारी गर्दी उठून जाते आणि बाकीची घड्याळे कोणी न पाहताच राहतात. ज्या माणसाने ती एकेक करून निवडली त्याला प्रत्येकात काहीतरी दिसले होते. ते काय दिसले असेल, हा प्रश्न स्वतःला विचारणे म्हणजे रसिकतेचा पहिला धडा होय.

दुसरे उदाहरण आपल्या पुण्याचे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. त्यांनी जमविले काय? अडकित्ते, दिवे, कुलपे, दौती, पाय घासायच्या वज्री, पानाचे डबे, वाद्ये. घराघरांतून लोक ज्या वस्तू अडगळीत टाकत होते किंवा मोडीत घालत होते, त्याच त्यांनी दारोदार हिंडून गोळा केल्या. त्या वेळी अडकित्त्यांना 'मागणी' होती असे कोणी म्हणणार नाही. बालपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला आणि पुढे तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज आपली पणजी कोणत्या दिव्याच्या उजेडात स्वयंपाक करीत असे हे पाहायला आपण तिकीट काढून राजा दिनकर केळकर संग्रहालयात जातो. केळकरांनी चारचौघांना विचारून वस्तू घेतल्या असत्या तर हा ठेवा भंगारात गेला असता.

आता मनगटावरच्या घड्याळाकडे येऊ. १९६१ मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीने घड्याळे करण्यास सुरुवात केली. जनता, पायलट, सोना, कांचन ही नावे पालकांपैकी अनेकांना आठवत असतील. मॅट्रिक पास झालेल्या मुलाला, लग्नात जावयाला एचएमटीच द्यायचे अशी पद्धतच पडली होती. मग क्वार्ट्झची लाट आली. क्वार्ट्झ घड्याळात स्फटिकाचा छोटा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, म्हणून ते चावीच्या घड्याळापेक्षा वेळ अचूक दाखविते आणि त्याला रोज चावी द्यावी लागत नाही. १९८४ मध्ये टायटन कंपनी स्थापन झाली आणि बघता बघता चावीची घड्याळे कपाटात गेली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. आणि नंतर काय झाले? ज्या घड्याळांकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते त्यांच्यामागे लोक धावू लागले. घड्याळ तेच, त्याचे यंत्र तेच, सेकंदाला पाच टिकटिकही तीच. बदलली ती फक्त लोकांची नजर. जी गोष्ट पन्नास वर्षांत दोनदा उलटी होते तिच्या आधारावर आपली आवड ठरविणे शहाणपणाचे नाही.

परदेशातही हेच दिसते. रोलेक्सच्या डेटोना घड्याळाची एक रंगीत तबकडी १९६० च्या दशकात दुकानांत पडून राहत असे. अमेरिकन नट पॉल न्यूमन यांना त्यांच्या पत्नीने तसेच घड्याळ दिले आणि गाडी जपून चालव अशा अर्थाचे शब्द त्याच्या पाठीवर कोरून घेतले, कारण त्यांना मोटार शर्यतीचा नाद होता. त्यांनी ते वर्षानुवर्षे रोज वापरले आणि १९८४ मध्ये मुलीच्या मित्राकडे घड्याळ नाही असे दिसताच त्याला देऊन टाकले. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याची किंमत १ कोटी ७७ लाख डॉलरांच्या वर गेली.

या गोष्टीचा चुकीचा अर्थ कोणी काढू नये. "म्हणजे आज न खपणारे घेऊन ठेवले तर उद्या लॉटरी लागेल," असे ज्याला वाटले तो पुन्हा बाजाराकडेच पाहत आहे. गर्दीच्या मागे जाणारा आणि मुद्दाम गर्दीच्या उलट जाणारा, दोघांचेही डोळे गर्दीवरच असतात. सगळे काळी तबकडी घेतात म्हणून मी पांढरी घेणार, ही आवड नव्हे, हा हट्ट झाला. काळी खरोखर आवडली असेल तर ती लोकप्रिय असूनही निःसंकोच घ्यावी.

काही पालक विचारतील की लोकांचे मत अगदीच टाकाऊ आहे काय? मुळीच नाही. जे घड्याळ पुष्कळांकडे असते त्याचे सुटे भाग मिळतात, ते दुरुस्त करणारा कारागीर मिळतो. जुन्या घड्याळांच्या बाजारात फसवणूकही बरीच आहे. जुन्या यंत्रावर नवी रंगविलेली भडक तबकडी बसवून 'अस्सल' म्हणून विकतात. तबकडीवरची अक्षरे जाड किंवा वाकडी आहेत काय, मागच्या झाकणावर काय कोरले आहे, काटे त्याच नमुन्याचे आहेत काय, हे जाणकाराला विचारूनच कळते. म्हणून आपल्याकडे म्हण आहे, ऐकावे जनाचे, करावे मनाचे. या म्हणीचा पहिला अर्धा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. घड्याळ खरे की खोटे, चालेल की बंद पडेल, हे जनाला विचारावे. ते मला आवडते की नाही, हे जनाला विचारून काय उपयोग? आणि मनही असे हवे की ज्याने पाहिले आहे, हाताळले आहे, तुलना केली आहे. न पाहता केलेली निवड म्हणजे लहर. पाहून, समजून केलेली निवड म्हणजे आवड.

घड्याळांवर आम्ही इतके का लिहितो आहोत, असे विश्वस्त मंडळींना वाटेल. त्याचे कारण असे की चौदाव्या वर्षी जो मुलगा स्वतःच्या पसंतीने एक घड्याळ निवडू शकत नाही, त्याला सोळाव्या वर्षी आपण एमपीसी, बायपीसी की कॉमर्स असे विचारतो. मग तो काय करणार? शेजारचा जिकडे जातो तिकडे जाणार. दरवर्षी दहावीच्या निकालानंतर आमच्या कार्यालयात बसलेले पालक "सध्या कशाला मागणी आहे?" हेच विचारतात आणि मुलगी किंवा मुलगा शेजारी मान खाली घालून बसलेला असतो. मराठी विषय ठेवावा की सोडावा याचा निर्णयही पुष्कळ घरांत असाच होतो. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तेव्हाही त्याला मागणी नाही हे सांगणारे भेटतच होते. या शहरात आपले लोक पिढ्यानपिढ्या राहिले, तेलुगू आणि उर्दू शिकले, आणि तरी मराठी टिकली. ती कोणत्याही काळात येथे लोकप्रिय होती म्हणून टिकली नाही. कोणाला तरी ती मनापासून हवी होती म्हणून टिकली.

निवडण्याची सवय एका दिवसात लागत नाही. ती लहान गोष्टींपासून लावावी लागते. यासाठी यंदाच्या छंद प्रदर्शनाबाबत आम्ही पुढील विचार मांडत आहोत. प्रत्येक विद्यार्थ्याने जास्तीत जास्त पाचच वस्तू मांडाव्यात. त्या घड्याळेच असाव्यात असे नाही. किल्ल्या, शाईची पेने, बसची तिकिटे, काहीही चालेल. वस्तूची किंमत कोठेही लिहू नये. प्रत्येक वस्तूशेजारी स्वतःच्या अक्षरात तीन ओळी लिहाव्यात: ही वस्तू काय आहे, ती कोठून आली आणि ती मला का आवडली. बक्षीस या तिसऱ्या ओळीला असावे. पालकांना आमची विनंती की ही तिसरी ओळ त्यांनी मुलांना सांगू नये आणि प्रदर्शनासाठी नवीन वस्तू विकत आणू नये. घरातल्या कपाटात पुष्कळ असते. विश्वस्त मंडळाने काचेचे एक कपाट मंजूर केल्यास निवडक वस्तू वर्षभर मांडून ठेवता येतील.

त्याआधी आठवी ते दहावीची सहल सालारजंग संग्रहालयात न्यावी असा विचार आहे. शुक्रवारी संग्रहालय बंद असते, तेव्हा दुसरा वार ठरवू. बारा वाजता सर्वांनी मिळून संगीत घड्याळाचे ठोके जरूर ऐकावेत. त्यानंतर मात्र प्रत्येकाने, ज्याच्यापुढे कोणीही उभे नाही असे एक घड्याळ शोधून काढावे, त्याच्यापुढे दहा मिनिटे थांबावे आणि त्यावर मराठीत दहा ओळी लिहून आणाव्यात. कोणाच्याही दहा ओळी दुसऱ्यासारख्या असू नयेत, एवढीच अट राहील.